उजेड कोणाचा?

न्यूयॉर्क शहरातील थर्ड ॲव्हेन्यू या रस्त्याच्या डोक्यावरून धावणारी जुनी उन्नत रेल्वे १२ मे १९५५ रोजी बंद झाली. त्या दिवशी संध्याकाळी शेवटची गाडी गेली आणि नंतर तिचे लोखंडी खांब, तुळया, जिने व स्थानके उतरवून घेण्याचे काम सुरू झाले. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ ज्या रस्त्यावर भर दुपारीही सावलीच असे, त्या रस्त्यावर सरळ ऊन पडू लागले. शहरातील पुष्कळ लोकांस याचा आनंद झाला, आणि तो होणे स्वाभाविकही होते.

एवढ्या दूरच्या नगरातील एका बंद पडलेल्या गाडीची हकीकत सत्तर वर्षांनंतर मराठी वाचकापुढे कशासाठी मांडावयाची, असे कोणी विचारल्यास त्यास आमचे उत्तर असे की, या हकीकतीत नीतिशास्त्रातील एक जुना प्रश्न फारच स्पष्ट रूपाने उभा राहिलेला दिसतो. सार्वजनिक हितासाठी एखादी गोष्ट उभारली जाते, तेव्हा तिची झळ काहींस लागते. पुढे सार्वजनिक हितासाठीच ती गोष्ट काढून टाकली जाते, तेव्हाही कोणाला तरी झळ लागतेच. दोन्ही वेळी हिशेबाच्या वहीत नफाच दिसतो. मग ही झळ सोसणारे कोण, आणि त्यांचे देणे कोणी द्यावयाचे? हा तो प्रश्न होय.

प्रथम हकीकत सांगतो. मॅनहटन हे न्यूयॉर्कचे मुख्य बेट लांबट आणि अरुंद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील वस्ती झपाट्याने वाढली, व रस्ते घोड्यांच्या गाड्यांनी इतके भरून गेले की माणसाला कामावर वेळेत पोहोचणे कठीण होऊ लागले. जमिनीवर जागा उरली नाही म्हणून रस्त्याच्या दोन्ही अंगांस लोखंडी खांब रोवून त्यांवर रूळ टाकण्याची युक्ती निघाली. सिक्स्थ ॲव्हेन्यू व थर्ड ॲव्हेन्यू या रस्त्यांवरील मार्ग १८७८ साली सुरू झाले, आणि सेकंड ॲव्हेन्यूवरील मार्ग १८८० साली. नाइन्थ ॲव्हेन्यूचा मार्ग त्यांच्याही आधीचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात त्या शहरी कोलंबिया विद्यापीठात अध्ययन करीत होते, तेव्हा या चारही रस्त्यांवरून या गाड्या धावत होत्या. शहरातील लोक तिला लाडाने नुसते 'एल' म्हणत.

आरंभीची पंचवीस वर्षे या गाड्या वाफेवर चालत. १९०२-०३ च्या सुमारास त्यांना वीज आली. तोपर्यंत राख, ठिणग्या आणि तेल यांचा प्रसाद खालून चालणाऱ्यांच्या टोपीवर व अंगरख्यावर पडावयाचा. वीज आल्यावर धूर गेला. पण खडखडाट राहिला, सावली राहिली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडांच्या खिडक्यांपासून काही हातांवरून दिवसरात्र जाणारे उतारूंचे डोळेही राहिले. ज्यास सोय होती तो अशा रस्त्यावर राहावयास येत नसे. अर्थात जो राहावयास येई त्यास भाडे कमी पडे. आपल्याकडील चाळींशी ज्यांची तुलना करता येईल अशा इमारतींत श्रमजीवी कुटुंबे दाटीने राहत. खाली गुत्ते, गहाणवटीची आणि जुन्या सामानाची दुकाने असत. थर्ड ॲव्हेन्यूच्या मार्गाखालीच बावरी हा रस्ता येई, आणि बावरी हे नाव तर पुढे दैन्याचा पर्यायशब्दच होऊन बसले.

आता या अंधाराचा कायद्याने कसा विचार केला ते पाहण्यासारखे आहे. फ्रंट स्ट्रीट या रस्त्यावरील स्टोरी नावाच्या एका मालमत्ताधारकाने उन्नत रेल्वेच्या कंपनीवर दावा लावला. रस्ता सार्वजनिक असला तरी त्यावरून माझ्या इमारतीत येणारा उजेड, हवा आणि जाण्यायेण्याची वाट यांवर माझा हक्क आहे, तो मोबदल्याशिवाय हिरावून घेता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. १८८२ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायासनाने हे म्हणणे मान्य केले. उजेडास मालक असतो आणि त्याची किंमत द्यावी लागते, हे तत्त्व त्या दिवशी प्रस्थापित झाले. त्यानंतर रस्त्यांच्या कडेच्या मालकांनी असे दावे पुष्कळ लावले व कंपन्यांस भरपाई द्यावी लागली.

निकाल न्याय्यच होता. परंतु वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. भरपाई मिळाली ती घराच्या मालकास. अंधारात राहणाऱ्यास नव्हे. मालक पुष्कळदा दुसऱ्याच, उजेडाच्या रस्त्यावर राहत असे. ज्या बाईने त्या खिडकीशी बसून दिवसा दिवा लावून शिवणकाम केले, तिच्या डोळ्यांचा त्या हिशेबात समावेश नव्हता. तिला मोबदला मिळाला तो एवढाच, की अंधारामुळे भाडे कमी होते. अंधार हीच तिची सवलत होती.

अठराव्या शतकाच्या अखेरीस बेंथॅमने जे तत्त्व इंग्लंडात पुरस्कारिले आणि जे आपल्याकडे 'पुष्कळांचे पुष्कळ सुख' या नावाने परिचित आहे, त्या तत्त्वाच्या कसोटीला ही रेल्वे उतरली असती यात संशय नाही. खिडकीपाशी बसणारे हजारो. पण पाच सेंटांत शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारे लाखो. बेरीज केली तर पारडे कोणीकडे झुकेल हे सांगावयास नको. या तत्त्वाची थोरवी नाकारण्याचा आमचा हेतू नाही. त्याच्या बेरजेत राजाची आणि मजुराची किंमत सारखी धरली जाते, आणि ज्या काळी ते सांगितले गेले त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती.

या तत्त्वावर आपल्याकडे सर्वांत कसून विचार केला तो लोकमान्य टिळकांनी, १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त. योगायोग असा की, तेथे त्यांनी घेतलेले एक उदाहरण अमेरिकेतील एका मोठ्या शहराच्या ट्रामगाडीचे आहे. ट्राम झाली तर लोकांची मोठी सोय होणार होती. पण परवानगी मिळेना. तेव्हा व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांस लाच देऊन ती मिळविली. ट्राम झाली, लोक सुखी झाले. तरीही लाचेचे प्रकरण उघडकीस येताच त्याच्यावर खटला झालाच. तात्पर्य, नुसत्या बाह्य परिणामाच्या बेरजेवरून कर्माची नीतिमत्ता ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, असा टिळकांचा आशय आहे. आमच्या पिढीने हा युक्तिवाद विद्यार्थिदशेत वाचला आणि तो आम्हांस निर्णायक वाटला.

थर्ड ॲव्हेन्यूच्या उदाहरणाने मात्र आम्हांस पुन्हा विचार करावयास लावले. कारण येथे कोणाच्या बुद्धीत खोट होती असे म्हणता येत नाही. ही रेल्वे काढून टाकणाऱ्यांची बाजू चांगली भक्कम होती. बांधणी जुनी झाली होती. रस्ता काळवंडलेला होता. जमिनीखालील रेल्वे १९०४ पासून सुरू झालेली असून तीच भविष्यकाळाची गाडी आहे हे सर्वांस दिसत होते. १९४० साली खासगी कंपन्यांच्या रेल्वे शहराने विकत घेतल्या, तेव्हा एकाच शहराने दुहेरी व्यवस्था चालवावी कशासाठी, हा प्रश्नही योग्य होता. सेकंड ॲव्हेन्यूची उन्नत रेल्वे १९४० व १९४२ अशी दोन टप्प्यांत बंद झाली होती. तिच्या आणि थर्ड ॲव्हेन्यूच्या जागी सेकंड ॲव्हेन्यूखालून नवा भुयारी मार्ग व्हावयाचा होता. त्याची योजना १९२९ पासूनच कागदावर होती. १९५१ साली मतदारांनी ५० कोटी डॉलरांचे कर्जरोखे काढण्यास संमती दिली, ती प्रामुख्याने हा मार्ग होणार या समजुतीने. हेतू शुद्ध, बेरीज अनुकूल, लोकांची संमतीही हाती. नीतीस आणखी काय हवे?

पुढे काय घडले ते आता सर्वांस ठाऊक आहे. कर्जरोख्यांचा पैसा जुन्या मार्गांच्या दुरुस्तीत व इतर कामांत गेला. १९५५ साली थर्ड ॲव्हेन्यूची गाडीही गेली आणि शहराच्या पूर्वेकडील उतारूंस बसगाड्या व लेक्झिंग्टन ॲव्हेन्यूखालचा एकच भुयारी मार्ग उरला. तो देशातील अत्यंत गर्दीचा मार्ग होऊन बसला. नव्या मार्गाची कुदळ १९७२ साली पडली. १९७५ साली शहराच्या तिजोरीत खडखडाट झाल्यामुळे काम थांबले. ते पुन्हा सुरू झाले २००७ साली. आणि सुमारे ४४५ कोटी डॉलर खर्चून, तीन नवी स्थानके असलेला पहिला टप्पा १ जानेवारी २०१७ रोजी उघडला. हार्लेमच्या गरीब वस्तीपर्यंत जुनी गाडी जात असे. या टप्प्यात हार्लेम नव्हते. १९४२ साली जो उतारू तीस वर्षांचा होता, तो हयात असता तर या दिवशी एकशेपाच वर्षांचा झाला असता.

रस्त्यावर पडलेल्या उन्हाचे काय झाले? तेही सांगितले पाहिजे. उजेड येताच जमिनीला किंमत आली. जुन्या, ठेंगण्या विटांच्या घरांच्या जागी, विशेषतः शहराच्या मध्य व उत्तर भागांत, कचेऱ्यांच्या आणि सुखवस्तू लोकांच्या निवासाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. अंधार गेला तशी अंधाराची सवलतही गेली. ज्यांनी पाऊणशे वर्षे सावली सोसली त्यांना ऊन उपभोगावयास तेथे राहणे परवडेना. काही वर्षांपूर्वी त्या शहरी जाण्याचा योग आला असता आम्ही थर्ड ॲव्हेन्यूवरून सकाळच्या प्रहरी चालत गेलो. रस्ता रुंद, स्वच्छ व प्रसन्न होता. आम्हांस फार बरे वाटले. ही सर्व हकीकत आम्ही मागाहून वाचली, आणि त्या सकाळचे ते बरे वाटणे तेव्हापासून तितकेसे निर्भेळ राहिले नाही.

तेव्हा दोष कोठे आहे? आम्हांस वाटते, तो बेरजेतही नाही व बुद्धीतही नाही. तो शहरास एक मनुष्य समजण्यात आहे. एखादा मनुष्य आज उपास करून उद्या जेवतो, तेव्हा उपाशी राहणारा आणि जेवणारा एकच असतो. त्याने आजचे दुःख उद्याच्या सुखाशी तोलले तर तो शहाणपणाच होय. परंतु शहर जेव्हा आजचे दुःख पत्करून उद्याचे सुख साधते, तेव्हा उपास एकाला घडतो आणि जेवण दुसऱ्याला. उपयुक्ततावाद माणसामाणसांतील हा भेद गंभीरपणे घेत नाही, असा आक्षेप जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली आपल्या न्यायविषयक ग्रंथात घेतला. तो आक्षेप आमच्या मते अजून कोणी पुरता परतवून लावलेला नाही.

यावर आपल्या परंपरेतूनच एक उत्तर देता येईल, आणि ते वजनदार आहे. आपण पितृऋण मानतो. ते पित्याला परत करीत नाही, पुढील पिढीला देऊन फेडतो. मग १९५५ च्या उतारूचे ऋण शहराने २०१७ च्या उतारूस फेडले तर त्यात वावगे काय? पिढ्यांचे व्यवहार असेच चालावयाचे.

हा विचार आम्ही बरेच दिवस मनात घोळविला, आणि तो येथे लागू पडत नाही असे आमचे मत झाले. पित्याने पुत्रास जे दिले ते दान असते. त्याने ते आपण होऊन दिलेले असते आणि परतफेडीचा करार केलेला नसतो, म्हणूनच ते तिसऱ्यास देऊन फेडता येते. पण ज्याच्याकडून काही उसने मागून घेतले, त्याचे देणे त्याच्याच हाती पडले पाहिजे. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणावी आणि ती वारल्यावर गावात साखर वाटावी, याला परतफेड म्हणत नाहीत. १९५५ च्या उतारूने आपली गाडी पुढील पिढीस दान केली नव्हती. 'ही दे, दुसरी देतो' असे त्यास सांगण्यात आले होते.

हे आम्ही केवळ दूरच्या लोकांविषयी बोलत नाही, आणि इतरांच्या दोषांवर प्रवचन करण्याचा आम्हांस अधिकार आहे असेही नाही. पुण्यातील आमचा वडिलार्जित वाडा पाडून तेथे इमारत बांधावयाचे आम्ही भावंडांनी ठरविले, तेव्हा तळमजल्यावरील दोन काळोख्या खोल्यांत एक वृद्ध विधवा बाई मुलासह राहत होत्या. आम्ही त्यांना काकू म्हणत असू. 'दोन वर्षांत याच जागी, वरच्या मजल्यावर, उजेडाची खोली देतो' असे आम्ही त्यांना सांगितले, आणि ते मनापासून सांगितले. त्या हसून म्हणाल्या, "माझी ना नाही, पण लवकर करा हो." दोन वर्षांची सात वर्षे झाली. दिरंगाईला कारणे होती; ती येथे सांगण्यात अर्थ नाही, कारण कारणे नेहमीच असतात. काकू पाचव्या वर्षी गावाबाहेरच्या एका भाड्याच्या खोलीत वारल्या. ठरलेली जागा आम्ही त्यांच्या मुलास बिनतक्रार दिली. कागदावर पाहिले तर आम्ही वचन पाळले आहे. पण वचन दिले होते काकूंना. आमच्या अभ्यासिकेत पूर्वेच्या खिडकीतून सकाळी ऊन येते, तेव्हा पुष्कळदा त्यांचे ते 'लवकर करा हो' आठवते.

येथे व्यवहारी मनुष्य विचारील की, नवे पुरते हाती आल्याखेरीज जुने हलवावयाचेच नाही असा नियम केला तर जगात एकही जुनी भिंत पडणार नाही. लोक अंधारातच राहतील. ही शंका खरी आहे, आणि तिचे उत्तर त्याच शहरात सापडते. सिक्स्थ ॲव्हेन्यूची उन्नत रेल्वे डिसेंबर १९३८ मध्ये बंद झाली. तेथेही मध्ये खंड पडला. परंतु तिच्या जागी यावयाच्या भुयारी मार्गाचे खोदकाम १९३६ पासून, जुनी गाडी डोक्यावर धावत असतानाच, तिच्या खांबांस आधार देऊन चाललेले होते. डिसेंबर १९४० मध्ये नवी गाडी सुरू झाली. उतारूंना दोन वर्षे गैरसोय सोसावी लागली. पण ज्यांनी सोसली त्यांनाच नव्या गाडीत बसावयास मिळाले. तेव्हा जुने पाडणे आणि नवे देणे या दोहोंत अंतर मुळीच नसावे असे आमचे म्हणणे नाही. ते अंतर मनुष्याच्या आयुष्यात मावले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. एका ठिकाणी ते दोन वर्षांचे होते व दुसऱ्या ठिकाणी पाऊणशे वर्षांचे. या दोहोंत नीतीच्या दृष्टीने केवळ प्रमाणाचा नव्हे, जातीचा फरक आहे. पहिले उसने होते; दुसरे, कोणाचाही तसा हेतू नसताना, हरण ठरले.

म्हणून कामांच्या क्रमास आपण जितके क्षुल्लक समजतो तितका तो क्षुल्लक नाही. आधी काय करावयाचे आणि मागून काय, ही गोष्ट स्थापत्यशास्त्राची म्हणून आपण अभियंत्यांवर सोपवितो, पैशाची म्हणून कोशाध्यक्षांवर सोपवितो. वस्तुतः ती प्रथम नीतीची आहे. पाडण्याचे काम स्वस्त, जलद आणि डोळ्यांत भरणारे असते. त्याचा लाभ ज्यांस लगेच मिळतो त्यांचा आवाजही मोठा असतो. बांधण्याचे काम महाग व सावकाशीचे असते, आणि त्याची वाट पाहणारे बहुधा गप्प असतात. अशा स्थितीत केवळ सद्बुद्धीवर भिस्त ठेवली तर पहिले काम नेहमी पुरे होईल आणि दुसरे नेहमी राहील. सद्बुद्धी असलेल्या माणसाने म्हणूनच स्वतःस बांधून घेतले पाहिजे: दुसऱ्या कामास हात घातल्याशिवाय पहिल्यास हात घालावयाचा नाही.

थर्ड ॲव्हेन्यूवर पडलेले ऊन वाईट होते असे म्हणण्याइतके आम्ही जुन्याचे वेडे नाही. ती गाडी आज असती तर तिच्या खडखडाटाखाली राहणे आम्हांसही नको झाले असते, आणि तिच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या लोकांपैकी फारच थोडे तिच्या खिडकीखाली झोपलेले असतील. उजेड हवाच. परंतु उजेड आल्याचा आनंद करण्यापूर्वी, इतके दिवस अंधारात कोण बसले होते आणि ती माणसे आता कोठे आहेत, एवढी चौकशी करण्याची सवय आपणास लागली पाहिजे. ती लागली असती तर काकूंच्या खोलीचे काम आम्ही सर्वांत आधी केले असते.